चालू व्हायला सात मिनिटं

मी फोनवर एक वाक्य बोललो आणि त्यापायी एका माणसाचा डावा कान गेला. वाक्य साधं होतं. आमच्या धंद्यात दिवसातून दहा वेळा बोललं जातं.

मी सुरतेत कॉम्प्युटर दुरुस्त करतो. वडील धुळ्याकडून इथल्या मिलमध्ये आले, मी बमरोलीत जन्मलो आणि तिथेच माझं छोटं दुकान आहे. माझी बरीच गिऱ्हाइकं एम्ब्रॉयडरीची खाती. खातं म्हणजे कारखाना. त्यातलं एक कतारगाममध्ये, एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. चार लांबलचक मशीनं, आणि कोपऱ्यात काचेची केबिन. केबिनमध्ये डिझाइनचा एकच कॉम्प्युटर होता, आणि त्याच्यासमोर आठ वर्षं एकच माणूस बसत आला होता. पन्नाशीचा, शिरपूरकडचा, अंगाने बारीक. मी त्यांना काका म्हणायचो. वेल, फूल, मोर, काय हवं ते ते स्क्रीनवर काढायचे, त्याचे टाके पाडायचे आणि पेन ड्राइव्हमधून मशीनला द्यायचे. तिथे बाकी सगळे गुजराती किंवा हिंदी बोलायचे. मी गेलो की काका अहिराणीत बोलून घ्यायचे, आणि तेवढ्यापुरते मोकळे व्हायचे.

त्या प्रसंगाच्या तीन आठवडे आधी मी त्यांच्या कॉम्प्युटरला नवी एसएसडी बसवली होती. जुनी हार्ड डिस्क फिरायची, रखडायची. या नव्या डिस्कमध्ये फिरण्यासारखं काही नसतं, म्हणून ती झपकन चालते. जुनी मी काढायला घेतली तेव्हा काका म्हणाले, "राहू द्या भाऊ, आठ वर्षांच्या डिझाइनी तिच्यात आहेत." मी ती कानाशी धरली होती. आतून बारीक टकटक येत होती. डिस्क थकली की असा आवाज करते, हे मला माहीत होतं. तरी मी ती पुन्हा जोडली. पुढच्या खेपेला सगळं नव्यात उतरवून घेऊ म्हटलं. मग बटण दाबून दाखवलं. चौदा सेकंदांत स्क्रीन उघडली. शेठ खूश झाले. "रॉकेट है ये तो!" म्हणाले. मी शेखी मिरवत जिना उतरलो.

तीन आठवड्यांनी सकाळी शेठचा फोन आला. माझ्यासमोर दुसराच एक सीपीयू उघडा पडला होता, फोन मी खांद्याने कानाशी दाबून धरला होता.

"तेरा रॉकेट सात मिनट लेता है," शेठ म्हणाले. "चारों मशीन खड़ी हैं. पार्टी सामने बैठी है."

मी न पाहताच बोललो. "एसएसडी को कुछ नहीं होता, शेठ. पीछे कुछ चल रहा होगा. किसी ने कुछ डाला होगा, कॉपी-वॉपी लगाई होगी."

शेठनी तो एकच शब्द उचलला.

"कॉपी?"

"हां, ऐसा ही कुछ. आता हूं मैं."

फोन कट झाला. मला ठाऊक नव्हतं ते असं, की त्याच महिन्यात शेजारच्या गल्लीतल्या एका खात्याने शेठच्याच बॉर्डरची हुबेहूब साडी बाजारात आणली होती. डिझाइन कोणी फोडलं, हा प्रश्न शेठच्या डोक्यात पंधरा दिवस धुमसत होता. त्याला मी उत्तर दिलं होतं.

बमरोलीहून कतारगामला पोहोचायला मला पाऊण तास लागला. जिन्यातच कळलं की काहीतरी बिघडलंय. त्या इमारतीत दुसऱ्या मजल्यापासून सुयांचा खडखडाट पायांत जाणवतो. त्या दिवशी काहीच जाणवलं नाही. वर गेलो तर सगळे कारागीर भिंतीला लागून उभे होते, आणि केबिनमध्ये शेठचा पुतण्या काकांना कीबोर्डने मारत होता.

कीबोर्ड दोन्ही हातांनी धरलेला, फळीसारखा. पहिला घाव मी पाहिला तो खांद्यावर बसला. दुसरा कानावर. कीबोर्डची बटणं उडून काचेवर टपटप आपटली. काका खुर्चीवरून खाली घसरले. पुतण्या तिशीतला, व्यायामाने फुगलेला गडी. त्याने कॉलर धरून त्यांना बसतं केलं आणि उलट्या हाताने तोंडात मारली. काकांच्या ओठातून रक्त आलं आणि पांढऱ्या शर्टावर उतरलं. "कितने में बेचा? बोल! कितने में बेचा?" तो ओरडत होता. काका एकच बोलत होते, "नहीं किया, सेठ. नहीं किया."

मी दारात उभा राहिलो. खोटं कशाला सांगू, बराच वेळ उभा राहिलो. लहानपणी मिलच्या वसाहतीत मारहाण रोजची होती. मुकादम कामगाराला मारायचा, कामगार घरी येऊन बायकोला. आम्ही पोरं भिंतीला पाठ लावून, श्वास कोंडून बघायला शिकलो होतो. चाळिशीतही माझे पाय तसेच उभे राहिले.

शेठनी मला पाहिलं. "आ गया. बैठ. क्या डाला है इसने, निकाल."

मी खुर्चीत बसलो. माझ्या पायांशी काका जमिनीवर, आणि पुतण्याचा बूट त्यांच्या उजव्या हाताच्या पंज्यावर. त्या हाताने ते माउस धरायचे.

पिशवीतला माझा कीबोर्ड जोडला. चालू होताना आपोआप कोणकोणते प्रोग्रॅम उठतात ते पाहिलं. चार-पाच होते, सगळे निरुपद्रवी. ते बंद केले. कॉपी करणारं तर काहीच नव्हतं. तसं शेठना सांगितलं.

"शेठ, कॉपी का कुछ नहीं है इसमें."

"तो सात मिनट क्यों?"

मी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. शेठनी मोबाइलवर घड्याळ लावलं. काळ्या स्क्रीनवर कंपनीचं चिन्ह आलं आणि तिथेच थांबलं. एक मिनिट. दोन. केबिनमध्ये फक्त काकांचा श्वास ऐकू येत होता, नाकात रक्त साचल्यामुळे घरघरणारा. सात मिनिटांनी स्क्रीन उघडली. शेठनी पुतण्याकडे बघून मान हलवली. पुतण्याने काकांच्या त्याच कानाखाली वाजवली.

"शेठ, त्यांना मारू नका," मी म्हणालो. घाबरल्यावर मराठीच बाहेर आली. "मला बघू द्या."

"देख ना. किसने रोका है?"

मी अँटिव्हायरस बंद केला. आणखी दोन सेटिंग बदलल्या. माउसचा बाण भलतीकडेच जात होता. पुन्हा चालू केला. पुन्हा ते चिन्ह, पुन्हा तिथेच. पाचव्या मिनिटाला पुतण्याचा धीर सुटला आणि त्याने काकांच्या बरगडीत लाथ घातली. काका आडवे झाले, गुडघे पोटाशी घेतले. दारात उभा असलेला एक कारागीर रडत होता.

तेव्हा मला दिसलं. म्हणजे आधीपासून समोर होतं, पण मी बघत नव्हतो. सगळा वेळ त्या चिन्हावरच जात होता. ते असतं तोपर्यंत सिस्टीम उठलेलीच नसते. कोणी काही टाकलं असेल, कॉपी लावली असेल, तरी त्याची पाळी त्या चिन्हानंतर येते. त्याआधी फक्त सीपीयूचा डबा स्वतःचे भाग मोजत असतो, आणि एखादा भाग उत्तर देत नसेल तर त्याची वाट बघत बसतो.

मी डब्याला कान लावला. टक. टक. मग बराच वेळ काही नाही. पुन्हा टक.

मी बाजूचा पत्रा काढला, जुन्या हार्ड डिस्कची वायर उपटली आणि बटण दाबलं. स्क्रीन तेरा सेकंदांत उघडली.

शेठ मोबाइलकडे बघत राहिले. माझ्या डोक्यात भराभर वाक्यं जुळत होती. व्होल्टेजमुळे झालं. मशीनच्या हादऱ्यामुळे झालं. जुना माल आहे शेठ, कधीही जातो. यातलं कुठलंही चाललं असतं, त्यांना यातलं काय कळणार होतं? काका भिंतीला टेकून उठून बसले होते. त्यांनी तळहातावर रक्त थुंकलं, त्यात दाताचा तुकडा होता, आणि माझ्याकडे पाहिलं.

"मेरी गलती है," मी म्हणालो. "ये पुरानी डिस्क मर रही थी. मुझे मालूम था. मैंने ही लगी छोड़ दी. इन्होंने कुछ नहीं किया. फोन पे मैंने बिना देखे बोल दिया."

शेठनी डब्यात हात घालून ती डिस्क ओढून काढली. लोखंडी वस्तू, विटेच्या तुकड्याएवढी. पाच फुटांवरून माझ्या तोंडावर फेकली. मी मान वळवली म्हणून डोळा वाचला, भुवई फाटली. डिस्क फरशीवर आपटून केबिनच्या दारातून बाहेर, मशीनखाली गेली. एका डोळ्यापुढे सगळं लाल झालं. पुतण्या माझ्याकडे येऊ लागला, पण तेवढ्यात काका भिंतीला धरून उभे राहिले. तो थांबला. काका त्याच्या बाजूने चालत माझ्यापर्यंत आले आणि त्यांनी माझ्या थोबाडीत मारली. चेचलेल्या हाताने, सगळी ताकद लावून. त्यांनाच इतकं लागलं की ते कळवळले.

"आते सांगस?" ते म्हणाले. आता सांगतोस?

मी त्यांना बाइकवर बसवून सरकारी दवाखान्यात नेलं. वाटेत ते माझ्या पाठीला टेकले होते, कारण सरळ बसणं त्यांना जमत नव्हतं. "मन्हा कानमा शिटी वाजी ऱ्हायनी," असं पुन्हापुन्हा सांगत होते, कानात शिटी वाजतेय म्हणून. पडदा फाटला होता. दोन बरगड्यांना चीर. डॉक्टरने विचारलं कसं झालं, तर काका म्हणाले, "सीढ़ी से गिरा."

"मारा है," मी मागून म्हणालो.

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की आणखी एक बसणार असं वाटलं. नोकरी जाईल, या वयात दुसरीकडे कोण घेईल, हेच त्यांच्या डोक्यात होतं. तोवर त्यांच्या पत्नी आल्या. ठेंगण्या बाई, घरी साड्यांना टिकल्या चिकटवण्याचं काम करायच्या, बोटांना अजून डिंक लागलेला. त्यांनी नवऱ्याचं तोंड दोन्ही हातांत धरून इकडून तिकडून पाहिलं. मग डॉक्टरला म्हणाल्या, "लिखो साहेब. मारा है लिखो."

"नको वं," काका म्हणाले.

"तुम्ही गप बसा. तुम्हाले तसंही आयकू येत नाही."

पोलीस आले. काकांनी जबाब दिला, साक्षीदार म्हणून मी दिला. फोनवर काय बोललो होतो तेही लिहायला लावलं. जमादाराने मला दोनदा विचारलं, "ये भी लिखूं? तेरे ही खिलाफ जाएगा." मी लिहा म्हटलं. कारागिरांपैकी कोणीच काही पाहिलं नव्हतं. रडणाऱ्यानेही नाही.

शेठ आणि पुतण्या जामिनावर सुटले. चौथ्या दिवशी भरदुपारी दोन माणसं माझ्या दुकानात आली. त्यांनी शटर अर्धं ओढलं. एकाच्या हातात पाइप होता. दुरुस्तीला आलेले तीन मॉनिटर त्याने एकेक करून फोडले, घाई न करता. दुसऱ्याने माझी मान काउंटरवर दाबून धरली होती. गालाखाली स्क्रू होते, ते रुतत होते. "जबाब बदल," एवढंच तो म्हणाला. ते गेल्यावर मी काचा झाडून घेतल्या. बायको म्हणाली, बदलून टाका. मी बदलला नाही. शूर आहे म्हणून नव्हे. काकांचा जबाब उभा असताना मी माझा मागे घेतला, तर त्या बाई माझ्या दारात येतील, आणि त्यांच्यापुढे उभं राहायची माझी हिंमत नव्हती.

महिनाभराने शेठचा फोन आला. आवाज वेगळाच होता, थकलेला. मशीनखालून ती डिस्क काढून त्यांनी दोन-तीन जणांना दाखवली होती. फेकल्यावर ती आतून पार गेली होती, काहीच निघत नव्हतं. आठ वर्षांच्या सगळ्या डिझाइनी गेल्या. "उसके पास कॉपी होगी क्या?" त्यांनी विचारलं. "पूछ ना. तेरा सुनेगा."

मी फोन ठेवला, पण काकांना विचारलं. ते म्हणाले, घरी कधी एकसुद्धा नेली नाही.

केस चालू आहे. तारीख पडते, आम्ही दोघं जातो, पुढची तारीख घेऊन येतो. काका आता इच्छापोरकडे एका कारखान्याच्या गेटवर असतात, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या कॉम्प्युटरवर लिहून घेतात. टाक्यांचं काम त्यांना कोणी दिलं नाही. मारहाणीपेक्षा पोलिसांत गेलेला माणूस म्हणून बाजारात त्यांचं नाव झालं. डाव्या कानाने त्यांना ऐकू येत नाही. उजव्या हाताचं मधलं बोट पुरतं मिटत नाही.

मागच्या तारखेला कोर्टाबाहेर मी त्यांची माफी मागितली. इतक्या दिवसांत नीट शब्दांत मागितलीच नव्हती. मी चुकून डाव्या बाजूला उभा होतो. ते रस्त्याकडे बघत राहिले. मी वळसा घालून उजवीकडे गेलो आणि पुन्हा म्हणालो.

"तू पहिल्यांदा बोलना तव्हाच आयकं," काका म्हणाले, आणि रिक्षाला हात केला.