गोपिकाकाकूची फारशी

गोपिकाकाकूला लिहिता-वाचता येत नव्हतं. कागद समोर आला की अंगठा. पण फारशी क्रियापदं तिला आबारावकाकांपेक्षा चांगली येत होती, आणि काका तर मास्तर होते. आमच्या केदारखेड्यात हे कोणाला खरं वाटलं नसतं. मलाही तिने सांगितलं ते काका गेल्यावर.

काका तीर्थपुरीच्या शाळेत हंगामी मास्तर होते. राज्य निजामाचं. नोकरी कायम करायची तर फारशीची परीक्षा द्या, असं त्यांना वरून बजावलं होतं. तीनदा बसता येई. तिसऱ्यांदा नापास झालं की घरचा रस्ता. काका दोनदा आपटले होते, दोन्ही वेळा तोंडी परीक्षेत.

नोकरी काकांची, पण जीव टांगणीला लागला होता काकूचा. घरचा रस्ता म्हणजे केदारखेडं, थोरल्या जावेच्या हाताखाली. काकूला मूल नव्हतं. थोरली जाऊ तिचं ताट वेगळं मांडायची, बारशाला तिला पाळण्याजवळ फिरकू द्यायची नाही. ती थोरली जाऊ, वच्छलाबाई, म्हणजे माझी आई. खोटं कशाला बोलू?

तीर्थपुरीत एका खोलीचा संसार होता आणि तिथे काकू सुखात होती. संध्याकाळी काका पुस्तक घेऊन गर्दान म्हणत. गर्दान म्हणजे एकाच क्रियापदाची सहा रूपं ओळीने म्हणायची: मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते. खरीदन म्हणजे विकत घेणं. मी-खरीदम, मी-खरीदी, मी-खरीद, मी-खरीदेम, मी-खरीदेद, मी-खरीदंद. चुलीपुढे भाकरी थापता थापता काकूच्या कानावर ते पडायचं.

"हे मी म्हंजे आपलं मी का हो?" एकदा तिने विचारलं.

काका हसले. "न्हाई गं. नुसतं खरीदम म्हंजे घेतलं, संपलं. पुढं मी लावलं की घेत होतो. रोजचं, नेहमीचं."

"मंग कळलं. जाऊबाई ताट वेगळं मांडत होत्या. मी खाली मान घालून खात होते. एका दिवसाचं न्हवतं ते."

त्या दिवसापासून काकू त्यांची गर्दान ऐकून घ्यायला लागली. ते क्रियापद सरळ चालीचं होतं. एक बसलं की त्याच वळणाची कितीतरी आपोआप येतात. काकू चुलीपासून हाक द्यायची, "आता रसीदन, पोचणं!" आणि काका सहाही रूपं म्हणायचे. चौथं आणि पाचवं ते हमखास उलटसुलट करायचे. "थांबा, हे 'तुम्ही' झालं. आधी 'आम्ही' म्हणा," असं म्हणून ती त्यांना मागे न्यायची. महिन्याभरात काकांचं बराबर यायला लागलं.

पण एका संध्याकाळी त्यांच्याच शाळेतले धर्मराज मास्तर दारावरून जाताना थबकले. "आबाराव, औंदा परीक्षेला कोणाला धाडून राह्यले? मास्तरीणबाईला?" दुसऱ्या दिवशी सगळी शाळा हसत होती. काका घरी आले, वाढलेलं ताट त्यांनी बाजूला सारलं आणि म्हणाले, "माझ्या गळ्याची शपथ हाये तुला. परत फारशीचं एक अक्षर काढशील तर. मला शिकवायला जाशील तर."

आमच्याकडे गळ्याची शपथ मोडली तर ज्याचा गळा तोच जातो, असं मानतात. घालणाऱ्याने आपण होऊन 'सुटली' म्हटल्याशिवाय ती सुटत नाही. या समजुतीला हसायचं त्यांनी खुशाल हसावं. काकू हसणाऱ्यांतली नव्हती.

परीक्षेला महिना होता. काका एकटेच घोकू लागले, आणि चौथं-पाचवं पुन्हा उलटं झालं. आता मागे नेणारं कोणी नव्हतं, त्यामुळे ते उलटंच पक्कं बसलं. काकू रोज ऐकत होती. चौथं रूप आलं की ती मुद्दाम पातेलं आपटायची, चिमटा खाली टाकायची. "हात फुटले का तुझे?" काका ओरडायचे. एकदा धीर करून ती म्हणाली, "एकदा पुस्तकात बघून म्हणा की."

"बिलकुल पाठ झालंय. तू भाकरी बघ."

जालन्याला परीक्षा झाली. तोंडीला त्यांना खरीदनचीच गर्दान विचारली. परत आल्यावर काका उंबऱ्यातच बसले. "दोन जागी चुकलो म्हणे. महिनाभर घोकून गेल्तो, कसा काय चुकलो?" काकूने पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. आठ दिवसांत बिऱ्हाड बैलगाडीत भरलं आणि दोघं केदारखेड्याला आली.

पुढची सोळा-सतरा वर्षं काका भावाच्या शेतात राबत होते आणि माझी आई काकूचं ताट वेगळं मांडत होती. कळायला लागल्यावर ते ताट नेऊन द्यायचं काम माझं झालं. मीही बिनबोभाट नेत होते. याची लाज मला अजून वाटते.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात काका तापाने गेले. तेरावा झाल्यावर काकू आणि मी ओसरीत तूर निवडत बसलो होतो. एकाएकी तिने ती सहाही रूपं म्हटली, एकही न अडखळता, आणि मग ही सगळी हकीकत सांगितली.

"अन् मग आज कशी बोललीस?" मी विचारलं.

"आता गळाच राह्यला न्हाई. शपथ कशाची?"

मला संताप आला. तिचाही, काकांचाही. "अगं, नापास झाल्यावर तरी म्हणायचं होतंस, शपथ सोडा म्हणून!"

"मागून सुटलेली खरी न्हाई. त्यांच्या मनातून यायला पायजे." तिने सुपातला खडा काढून टाकला. "एकदा शेतात जेवताना त्यांनीच विषय काढला. 'तुला ते खरीदनचं समदं येत होतं, न्हाई का? म्हण बरं.' मी त्यांच्या तोंडाकडं बघत राह्यले. आता सुटली म्हणतील, मंग सुटली म्हणतील. म्हणलेच न्हाईत. शपथ घातल्याचं त्यांच्या ध्यानातच न्हवतं."

"मग?"

"मंग काय. 'विसरली बिचारी,' म्हणले, अन् हात धुवायला उठले."