पिठाचा देवमासा

चौथीतनं शाळा सोडून मी गुंजीहून निपाणीला तंबाखूच्या वखारीचं फाटक राखायला आलतो. रविवारी एक जैन मास्तर तिथल्या अंगणात पोरं जमवायचे. मलाही खुणेनं बोलावून बसवायचे. तो उपकार मी विसरलो नाही.

चित्रांचं पुस्तक उघडण्याआधी ते धोतरानं चष्मा पुसत म्हणायचे, “ही गोष्ट न्हाय, खरं हाय.” मग चित्रातला प्राणी अंगणभर काढायचे, तोही ज्वारीच्या पिठानं. चुन्यानं मुंग्या भाजतात, पिठानं त्यांचं पोट भरतं, म्हणून.

एका रविवारी त्यांनी उत्तरेच्या बर्फाळ समुद्रातला देवमासा काढला होता. शिकारी चरबीसाठी देवमासा कसा मारतात ते सांगताना मास्तर रंगात आले आणि त्यांनी अंगणातलं फावडं उचलून त्या पिठाच्या देवमाशाचं पोट चिरलं.

“मास्तर!” सोप्यावरनं वखारीच्या मालकांची आई, आक्का, ओरडल्या. “पिठाचा असला म्हणून काय झालं? मारायचं मनात आणूनच चिरलासा न्हवं? ह्यापुढं पोरं हितं बसायची न्हाईत!”

माझं शिकणंही संपलंच की!

मास्तरांच्या हातातनं फावडं गळालं. सगळ्या पोरांदेखत ते पिठासमोर गुडघ्यांवर बसले आणि हात जोडून म्हणाले, “चुकलो रं बाबा. क्षमा कर.”

मास्तरानं माफी मागितलेली मी जन्मात पाहिली नव्हती.

आक्का आत गेल्या आणि सुपात पीठ घेऊन अंगणात उतरल्या.

“आधी पोट सांधा त्येचं,” त्या म्हणाल्या. “मग सांगा म्होरलं.”