फुगडीला हवे होते हात

मला फुगडी घालायची होती. बस्स! दिल्लीत पहाडगंजच्या आमच्या मराठी शाळेच्या संमेलनात आठ जोड्या फुगडी घालणार होत्या आणि माझी जोडी ठरली होती शेजारच्या क्वार्टरमधल्या मैत्रिणीशी. नेमका थंडी पडताच माझ्या दोन्ही तळहातांना इसब झाला. खाज, भेगा, लस! मैत्रिणीने हात मागे घेतले. "आई म्हणते, लागतं ते." बाई म्हणाल्या, "तू मागे उभी राहून टाळ वाजव." टाळ! घरी येऊन मी दप्तर आपटलं.

डॉक्टरांच्या मलमाने काही होईना, तेव्हा आई मला स्टेशनजवळच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या वैद्यजींकडे घेऊन गेली. त्यांनी माझे दोन्ही हात सरळ आपल्या हातात घेतले. इतक्या दिवसांत आईशिवाय कुणी धरले नव्हते.

"कितने दिन में ठीक होगा?" मी विचारलं.

"बेटा, जल्दी किस बात की है?"

आता फुगडीला हिंदीत काय म्हणतात? मला सांगताच येईना, मी भोकाड पसरलं.

दही बंद, आंबट बंद, तीळगूळ बंद. दोन वेळा काढा, आणि तो कडू म्हणजे कडूजहर! वर कडुलिंबाच्या उकळलेल्या पाण्याने हात धुवायचे, मग करंजाचं तेल. कडुलिंब क्वार्टरच्या दारातच होता. ऑफिसला जायच्या आधी बाबा छत्रीच्या मुठीने फांदी ओढून पाला काढायचे. संक्रांतीला मी जाहीर केलं, मला नाही तर कुणालाच नाही. बिचाऱ्यांनी खरंच लाडू केले नाहीत.

आणि एका सकाळी माझी मूठ वळली! दोन महिन्यांनी पहिल्यांदा! मी अशी किंचाळले की बाबा अर्धी दाढी तशीच ठेवून धावत आले.

संमेलनाला चार दिवस होते. मैत्रीण मात्र ऐकेना. शेवटी मी तिला स्वेटरच्या बाहीला धरून आईबरोबर वैद्यजींकडे ओढत नेलं.

"छूत की बीमारी नहीं है, बेटी," ते तिला म्हणाले. तिचे हात खिशातच.

"अच्छा, पर ये फुगडी होती क्या है?" आमचं फुगडी-फुगडी ऐकून वैद्यजींनी मला विचारलं.

मी हवेत हातांची कात्री करून दाखवली. वैद्यजींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, उठले आणि तशीच कात्री माझ्यापुढे धरली. "चलो!"

अरे बापरे, काय फिरलो आम्ही! मफलर उडाला, बाकावरच्या पेशंटांनी पाय वर घेतले. आई ओरडतेय, "अगं, पडतील ते!" आणि वैद्यजी लहान पोरासारखे हसतायत. माझ्या उरल्यासुरल्या भेगांची आग आग होत होती, पण सोडतेय कोण!

मैत्रीण बघत राहिली. बघता बघता तिचा चेहरा लाल झाला.

"छोडिए ना, वैद्यजी!" ती एकदम पुढे घुसली. "इसकी जोडी मैं हूँ!"

तिने खिशातले हात बाहेर काढले आणि माझे धरले. घट्ट. डोळ्यांत पाणी येण्याइतकं दुखलं. मी हूं की चूं केलं नाही.