ॲपने नाकारलेली आत्या

फॉर्म भरणाऱ्या माणसाला रिकामा रकाना बघवत नाही. तलासरीत माझं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान होतं. समोर बसणाऱ्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांना आपली जन्मतारीख ठाऊक नसायची. मग मी बेधडक एक जून टाकायचे. तारखेशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही, आणि फॉर्म सरकला नाही तर माणूस उठत नाही. याला मी हुशारी समजायचे.

रविवारी दुपारी मी डहाणूला मावसभावाच्या चिकूवाडीत जायचे. तिथल्या शेडमध्ये खोकी उलटी मांडून आम्ही एक खेळ खेळायचो. प्रत्येकाने एक माणूस रचायचा, भाऊ गोष्ट सांगत पुढे नेणार, आणि आपल्या माणसाचं काय होतं ते फासे ठरवणार. खेळाच्या नियमांचं पुस्तक आमच्यापैकी कुणी पाहिलंही नव्हतं. भावाच्या मोबाइलवर माणूस रचायचं ॲप होतं, ते नियम तपासायचं आणि चुकलं की लाल पट्टी दाखवायचं. आम्हाला तेच पुस्तक आणि तेच साहेब.

२०१७ च्या दिवाळीनंतर मी माझ्या मैत्रिणीला तिथे नेलं. ती मूळची गंजाडची, कासा गावच्या दवाखान्यात नर्स होती. तिची आत्या नुकतीच वारली होती. आईविना पोरीला त्या आत्यानेच वाढवलं होतं. पाड्यावरची सुईण, एका पायाने अधू, अंगाने काटकुळी. पण बोलावणं आलं की काठी टेकत डोंगर चढून जायची.

"माझी आत्या केली तर चालेल?" मैत्रिणीने विचारलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा तिचा चेहरा उजळलेला मी पाहिला.

"चालेल की!" भाऊ म्हणाला आणि मोबाइल माझ्या हातात दिला, कारण फॉर्म म्हणजे माझं खातं.

ॲप प्रत्येक माणसाला ठरावीक गुण द्यायचं, ते ताकद, अक्कल अशा रकान्यांत वाटायचे. मी आत्याची ताकद अगदी कमी ठेवली. लाल पट्टी आली: गुण शिल्लक आहेत, वाटल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. बाकीचे रकाने भरले होते, म्हणून उरलेले गुण ताकदीत घातले. आत्या पैलवान झाली. अधू पायाला रकानाच नव्हता. कामांच्या यादीत सुईण नव्हती म्हणून वैद्य निवडला, तर वैद्याला देव निवडणं सक्तीचं होतं. आत्या निघताना गावदेवीचं नाव घ्यायची, पण यादीतल्या एकाही परदेशी देवाचं नाव आम्हाला नीट उच्चारता येईना. मी पहिलाच देव ठेवला. काठी सापडली तीही शस्त्रांच्या यादीत, मारायची.

"दादा, तिने आयुष्यात कुणावर हात नाही उगारला," मैत्रीण म्हणाली.

"ॲप नाय म्हणतंय तर नाय," भाऊ म्हणाला. "एकाला सूट दिली तर सगळेच मागतील."

भाऊ दुष्ट नव्हता. गावात पंच असतो तसा तो तिथला पंच होता, आणि हातात नियम नसलेला पंच जरा जास्तच कडक असतो. मला वाईट वाटत होतं. तरी बोट काही थांबेना. शेवटी हिरवी खूण आली आणि मी दुकानात म्हणते तशीच म्हणाले, "झालं, घ्या!"

मैत्रिणीने पडद्याकडे बराच वेळ पाहिलं. तीन रविवार ती आली. तिची आत्या धावायची, काठीने डोकी फोडायची, आम्ही वाहवा करायचो. मग तिला रविवारची ड्युटी लागू लागली. ती खरी ड्युटी नव्हती हे मला कळत होतं, पण तिला परत कसं आणायचं ते कळत नव्हतं.

२०१९ मध्ये भावाने कुठून तरी ते पुस्तक मिळवलं. सुरुवातीच्याच पानांवर लिहिलं होतं की खेळ चालवणाऱ्याने हवा तो नियम बदलावा, खेळणाऱ्यांचं मन राखावं. भावाने ते दोनदा वाचलं आणि पुस्तक माझ्याकडे सरकवलं. मी तिथूनच मैत्रिणीला फोन लावून ते वाचून दाखवलं.

"म्हणजे साध्या कागदावर लिहिली असती तरी चाललं असतं?" तिने विचारलं.

"हो गं. आम्हाला माहीतच नव्हतं. तू तरी तेव्हा थांब म्हणायचंस."

"म्हटलं होतं," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "दोनदा म्हटलं."

मला एकदाचंही आठवत नव्हतं.