विहीर बाईंचं शुद्धिपत्र

गल्लीत त्यांना सगळे वेलांटीकाका म्हणत. त्यात आदर किती आणि वैताग किती, हे म्हणणाऱ्यालाच ठाऊक. काकांनी अडतीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितशोधकाचं काम केलं. म्हणजे पुस्तक छापून बाहेर पडायच्या आधी त्याची प्रुफं वाचायची आणि लाल पेनाने चुका दाखवायच्या. निवृत्त झाल्यावर पुस्तकं सुटली, पेन सुटलं नाही. लिफ्टमधली सूचना, दुधाच्या पिशवीवरचा मजकूर, कशालाही त्यांनी सोडलं नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं 'जेवना नंतर' सुधारून ती चिठ्ठी त्यांनी डॉक्टरांनाच परत नेऊन दिली होती. त्यानंतरचं औषध मुद्दाम कडू मिळालं, असं काकू अजून म्हणतात.

अशा माणसाला जावयाने वाढदिवसाला फोन दिला. जावई चौकातल्या मोठ्या शोरूमचा मॅनेजर. ही शोरूम एकाच बड्या कंपनीचे फोन विकते, आणि आत इतका गारवा असतो की गिऱ्हाईक किंमत ऐकून कापतंय की थंडीने, हे कळत नाही. फोन देखणा होता, पातळ होता आणि हातातून मासळीसारखा निसटायचा. काकांना तो आवडला. निदान एका सोमवारपर्यंत तरी आवडला.

आदल्या रविवारी विहीणबाई जेवायला येऊन गेल्या होत्या. महिन्यातून दोनदा दोन्ही घरं एकत्र जेवत, एकदा इकडे, एकदा तिकडे. विहीणबाई निवृत्त मुख्याध्यापिका, अंगाने भरभक्कम, आवाज अजून शाळेच्या पटांगणाएवढा. पण जेवताना त्यांनी काकांच्या मुलीचं, म्हणजे आपल्या सुनेचं, इतकं तोंडभरून कौतुक केलं की काकांना भरून आलं. सोमवारी सकाळी त्यांनी मोठ्या मायेने निरोप लिहिला, तीनदा वाचला आणि सवयीप्रमाणे शेवटी एक पूर्णविराम नीट करून पाठवला. फोनच्या शब्दसाठ्यात 'विहीण' नव्हती, 'विहीर' होती. तीनदा वाचताना काकांचं लक्ष वेलांट्यांवर होतं, आणि वेलांट्या बरोबर होत्या. निरोप गेला तो असा: 'विहीर बाई, सप्रेम नमस्कार. काल आपण आलात आणि घर भरून गेलं. आपण किती खोल आहात, हे हळूहळू कळतं.'

विहीणबाईंनी तो निरोप बागेत, फिरायला येणाऱ्या मैत्रिणींना मोठ्याने वाचून दाखवायला घेतला. पहिल्या दोन शब्दांवरच थांबल्या, पण तोवर ऐकणाऱ्यांनी ऐकलं होतं. त्या दिवसापासून बागेत त्यांचं नाव विहीरबाई पडलं.

मुलीने कळवल्यावर काकांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी घाईघाईने दुसरा निरोप धाडला, आणि फोनने तोही आपल्या मताप्रमाणे सुधारला: 'विहीर बाई, क्षमस्व.' मग त्यांनी फोनच केला. दोष आपला नाही, यंत्राचा आहे, असं ते सांगू लागले तेव्हा विहीणबाई शांतपणे म्हणाल्या, "तो फोन माझ्या मुलाच्या दुकानातला आहे. तो चुका करतो असं म्हणायचंय का तुम्हाला?"

फोनला नावं ठेवावीत तर जावयाचा अपमान, न ठेवावीत तर स्वतःचा. काकांनी फोन ठेवून दिला. रविवारची जेवणं बंद झाली. तिकडे मुलीची अवस्था वाईट झाली. सासूसमोर वडलांची बाजू घ्यावी तर सासू गप्प, सासूची घ्यावी तर बाबा केविलवाणे. एकदा ती फोनवर नुसतीच रडली, आणि तेव्हापासून काकांना जेवण गोड लागेना.

जावई भला माणूस. तो म्हणाला की फोनची ही सुधारण्याची सोयच बंद करून टाकू. काका ताठ झाले. त्यांच्या छापखान्यात चूक सापडली की ती खिळ्यांच्या जुळणीतच जाऊन दुरुस्त करत, म्हणजे पुढची प्रत्येक प्रत शुद्ध निघे. आपल्या एका प्रतीवर कागद चिकटवून स्वस्थ बसणाऱ्याला तिथे कामचुकार म्हणत. उद्या दुसऱ्या कुणाच्या विहीणबाईंची विहीर होईल, त्याचं काय? जावयाने सांगितलं की शब्दसाठा वरून येतो, त्याला इथे कुणी हात लावू शकत नाही, पाहिजे तर तक्रार लिहा. काकांनी सात तक्रारी लिहिल्या. सातही वेळा एकच उत्तर आलं: 'आपला अभीप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.' अभिप्रायातली ती दीर्घ वेलांटी पाहून काकांनी हात टेकले.

शोरूमच्या बरोबर समोर, झेरॉक्सचं दुकान आणि जिना यांच्या सांदीत एक बाई फोन दुरुस्त करायची. सगळे तिला रिपेअरवाली ताई म्हणत. तिच्याकडे स्वतःचा म्हणून एक फोन विकायला असे. जाडजूड, मागचं झाकण नखाने उघडणारा, बॅटरी आपल्या हाताने बदलता येणारा. शोरूममधून बाहेर पडणारी माणसं त्याच्याकडे दयेने बघत. ताईने काकांना समजावलं की हा मुक्त फोन आहे. आतला सगळा प्रोग्रॅम उघडा असतो, कुणीही वाचावा, चूक दिसली तर कुणीही दुरुस्ती सुचवावी.

काकांनी चष्मा काढला. "म्हणजे प्रूफ वाचायला मिळतं?"

"हो."

"छापून झाल्यावरसुद्धा?"

"छापून झाल्यावरसुद्धा, काका."

त्यांनी तो फोन तिथल्या तिथे घेतला. काकूंनी विचारलं की हा फोन आहे की वीट. फोटोत माणसं कावीळ झाल्यासारखी येत, खिशात असताना त्याचा टॉर्च मनाला येईल तेव्हा लागे, आणि समोरच्याचा पहिला 'हॅलो' कायमचा हरवत असे. काकांना त्याचं काही नव्हतं. ताईने त्यांना शब्दसाठा उघडून दाखवला. तिथेही विहीर होती, विहीण नव्हती. पण इथे खाली एक रकाना होता: दुरुस्ती आणि कारण.

काकांनी कारण लिहिलं: 'विहीण आणि विहीर यांत फरक आहे. पहिलीला राग येतो.'

शब्दसाठ्याचा राखणदार कुठल्या गावचा, कुणी कधी पाहिला नव्हता. त्याने चौथ्या दिवशी विचारलं की हा शब्द कोण वापरतं. काकांनी उत्तर दिलं, ज्यांच्या मुलांची लग्नं झाली आहेत ते सगळे, आणि जपून वापरतात. नवव्या दिवशी दुरुस्ती मान्य झाली. दुसऱ्याच दिवशी काकांनी 'व्याही' घातला, मग 'नणंद', मग 'साडू'. अख्खा गोतावळा आत घेतला.

मग ते वीट खिशात घालून विहीणबाईंकडे गेले. दार मुलीनेच उघडलं आणि ती बाजूला झाली. आत विहीणबाईंशेजारी जावईही होता. काकांनी नमस्कार केला आणि म्हणाले, "शुद्धिपत्र द्यायला आलोय."

विहीणबाईंनी चष्मा लावून सगळी नोंद वाचली. तारीख, जुना शब्द, नवा शब्द, कारण. कारणापाशी त्या जरा थांबल्या आणि ओठ घट्ट मिटले. काकांना वाटलं, संपलं.

"म्हणजे आता सगळ्यांच्या फोनवर मी येणार?"

"या जातीच्या सगळ्या फोनवर. जगात कुठेही."

"आणि माझ्या मुलाच्या दुकानातल्या?"

काकांनी जावयाकडे पाहिलं. जावयाने छताकडे पाहिलं. "तिथे अजून विहीरच आहे," काका म्हणाले.

विहीणबाईंनी चष्मा काढून ठेवला. "मला हा फोन हवाय," त्या मुलाला म्हणाल्या, "आणि तूच आणून दे." दुसऱ्या दिवशी बड्या कंपनीच्या शोरूमचा मॅनेजर टाय लावून रस्ता ओलांडून ताईच्या सांदीत शिरला. शोरूममधली माणसं काचेला नाक लावून बघत होती, असं ताई सांगते.

शनिवारी काकांच्या विटेवर निरोप आला: 'व्याधीबुवा, उद्या जेवायला या. उशीर करू नका.'

काकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. इतकं करूनही ही चूक? त्यांनी तडक शब्दसाठा उघडला. 'व्याही' तिथे होता. त्यांनीच घातलेला, वेलांटी दीर्घ, जागच्या जागी. 'व्या' लिहिताच फोन आपणहून 'व्याही' पुढे करत होता. त्यांनी तीनदा लिहून पाहिलं. फोनचा काही दोष नव्हता. म्हणजे बाईंनी फोनचं न ऐकता 'धी' स्वतःच्या बोटाने लिहिला होता.

काका बराच वेळ एकटेच हसत बसले. काकूंनी काय झालं म्हणून विचारलं, तर त्यांनी डोळे पुसत नुसता फोन पुढे केला. मग समोर दिसणारी चूक आयुष्यात पहिल्यांदाच जशीच्या तशी राहू दिली आणि उत्तर लिहिलं: 'वेळेवर येतो. आपला, व्याधी.'