पंपाचा दांडा सैल लागला तेव्हा

आमची शिडाची बोट कारवारला असते आणि आम्ही बेंगळुरूला. बोट निम्मी माझी, निम्मी थोरल्या भावाची. गेल्या हिवाळ्यात तिचं डिझेल इंजिन खाडीच्या तोंडाशीच बंद पडलं आणि मच्छीमारांच्या होडीने आम्हाला ओढून धक्क्याला लावलं. उतरता उतरताच भाऊ म्हणाला, "पुढच्या रविवारी चालू झालं नाही तर विकायची. सरी?"

"सरी, अण्णा," मी कानडीतच 'ठीक' म्हणाले खरी, पण मला ती विकायची नव्हती.

टाकीतलं डिझेल इंजिनाकडे ओढणाऱ्या पंपाला हाताने दाबायचा छोटा दांडा असतो. तो सैल हलत होता. 'पंप गेला' अशी मी वहीत नोंद केली, पंप खोलून पिशवीत घातला आणि परतीच्या बसमध्ये विजेवर चालणाऱ्या तीन पंपांची तुलना मांडली.

बेंगळुरूच्या चामराजपेटेत डिझेल पंप दुरुस्त करणारे एक मेस्त्री आहेत. त्यांनी माझा तक्ता शांतपणे वाचला.

"हे तिन्ही गाड्यांचे, अक्का. दाब फार. शिवाय बॅटरी उतरली की तुम्ही समुद्रात आणि पंप झोपलेला."

मग त्यांनी माझ्या पंपाची नळी डिझेलच्या डब्यात बुडवली आणि इंजिन फिरताना जी दाबतं ती आतली आडवी पट्टी अंगठ्याने दाबली. दुसऱ्या तोंडातून जाड धार आली.

"हा माझ्यापेक्षा धडधाकट आहे. दांडा सैल लागला तेव्हा इंजिन अर्धा फेरा फिरवलंत?"

"नाही."

"इंजिनानेच पंप दाबून धरला असेल, तर तुमच्या हाताला काय उरणार? बंद पडण्याआधी काय काम केलं होतं?"

"टाकीजवळचा फिल्टर बदलला."

"तांब्याचा वायसर नवा घातला?"

"जुना चांगला होता. धुऊन, पुसून लावला."

"दुधाच्या पिशव्या धुऊन ठेवणारं घर दिसतंय," ते म्हणाले.

आमच्याकडे खरोखर ठेवतात. एकदा चेपलेला वायसर, म्हणजे सांध्यातली चकती, पुन्हा नीट बसत नाही. त्याच्या फटीतून पंप डिझेलऐवजी हवा ओढत होता. मी नवे वायसर आणि पंपाखालचं गॅस्केट घेतलं आणि वहीतले तिन्ही पंप खोडले.

रविवारी सकाळी सगळं बसवलं. दांडा पुन्हा सैल. भाऊ वरून बघत होता. मी पान्याने इंजिन अर्धा फेरा फिरवलं आणि दांड्याला जोर लागला. हवा काढायचा स्क्रू ढिला करून दाबत राहिले. आधी फेस आला, मग बुडबुडे, मग स्वच्छ डिझेल. स्क्रू आवळला.

पहिल्याच किल्लीला इंजिन सुरू झालं. तासभर कान लावून बसले. ठोका चुकला नाही. खाडीचं तोंड ओलांडून मोकळ्या पाण्यात आल्यावर भावाने शीड चढवलं.

"पुढच्या शनिवारी रजा टाक," तो म्हणाला. "गोव्यापर्यंत जाऊ."