साळवेबाईंचा शेरा

साळवेबाई गृहभेटीला गेल्या की चहा घेत नसत. पाणी घेत, तेही अर्धा पेला. चहा घेतला की माणूस टेकतो, टेकला की बोलणं लांबतं, आणि बोलणं लांबलं की पुढे ‘अपात्र’ लिहिताना हात अडखळतो, हे त्यांना नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांतच उमगलं होतं. आता सत्ताविसावं वर्ष चालू होतं आणि हात अजूनही अडखळत होताच. पण नियम केला तो केला.

त्यांचं काम सांगायला सोपं होतं. आईबाप नसलेलं मूल दुसऱ्या कुणी आपल्या घरात वाढवायला घेतलं, तर सरकार त्या घराला मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत दरमहा थोडं अनुदान देतं. ते मूल खरंच त्या घरात राहतं का, शाळेत जातं का, आणि मुळात ते घर अनुदानाला पात्र आहे का, हे वर्षातून एकदा जाऊन पाहायचं आणि लिहायचं. साळवेबाई कागद मागायच्या आधी त्या मुलाचं दप्तर कुठे टांगलंय ते बघत. घरच्या मुलांच्या दप्तरांबरोबर असेल तर त्यांचा जीव अर्धा भांड्यात पडे. बाहेर व्हरांड्यातल्या खिळ्याला असेल, तर पुढचे प्रश्न त्या जरा सावकाश विचारत. मग मोरीत डोकावून दात घासायचे ब्रश मोजत. हे कुठल्याही परिपत्रकात नव्हतं.

२००९ साली कुठल्याशा दुसऱ्या जिल्ह्यात नुसती कागदावर वाढणारी मुलं सापडली म्हणे, आणि सगळ्या याद्यांची फेरतपासणी करायचा हुकूम सुटला. साळवेबाईंच्या वाट्याला एकशे बारा मुलं आली. या खेपेला सगळं संगणकावर भरायचं होतं. फायलीतलं नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव यांत काना-मात्रेचा फरक पडला, तरी ती ओळ पुढे सरकत नसे.

“पूर्वी साहेबांना समजवायला लागायचं,” कार्यालयातले जुने कारकून बाबुराव म्हणाले, “ते निदान जेवून आले की ऐकायचे. याला जेवणच नाही.”

साळवेबाई हसल्या नाहीत. त्यांचे गुडघे दुखत होते आणि हडपसरची बस दोनदा बदलायची होती.

हडपसरला काचेच्या उंच इमारती उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्या मागच्या अंगाला, मोठ्या नाल्यापलीकडे पत्र्याच्या खोल्यांची एक वस्ती होती. तिथे वैजनाथ गित्ते यांचं घर. वैजनाथ परळीकडचे, त्या काचेच्या इमारतींपैकी एकीच्या फाटकावर सुरक्षारक्षक. बायको मुक्ताबाई चार घरची धुणीभांडी करायची. त्यांची स्वतःची मुलगी राधा सातवीत, आणि सांभाळायला घेतलेली चैताली दहावीत. दोन दप्तरं एकाच खिळ्याला, एकावर एक. साळवेबाईंना या घराची काळजी कधीच नव्हती. तीन वर्षं त्या इथे येत होत्या आणि दर वर्षी ‘पात्र’ असा शेरा मारून जात होत्या.

मुक्ताबाईनं शाळेचा दाखला पुढे केला. आजवर प्रगतीपुस्तकावर भागायचं, तिथे नुसतं ‘चैताली गित्ते’ असायचं. यंदा दाखला मागितला होता, म्हणून पूर्ण नाव आलं होतं. साळवेबाईंनी ते दोनदा वाचलं. चैताली वैजनाथ गित्ते.

त्यांनी फाईल उघडली. आत होतं चैताली धोंडिबा गित्ते. शेजारी धोंडिबा गित्ते यांच्या मृत्यूचा दाखला, बांधकामावरून पडून. त्याखाली वर्षभरानं गेलेल्या आईचा. धोंडिबा आणि वैजनाथ एकाच गावचे, आडनाव एकच, पण नातं सांगायला बसलं तर कुणालाच सांगता येऊ नये इतकं लांबचं.

“मुक्ताबाई, शाळेत हे नाव कुणी घातलं?”

“म्याच,” मुक्ताबाई म्हणाली. “पहिलीत घालाया गेले, तवा मास्तरांनी इचारलं, बापाचं नाव काय. पोरगी माज्या पदराला धरून हुती. तिच्या म्होरं मी काय मेलेल्या माणसाचं नाव सांगू? म्हणलं, वैजनाथ लिवा. चुकलं का?”

साळवेबाईंनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

“शाळेच्या कागदावर ती तुमची पोटची मुलगी आहे,” त्या म्हणाल्या. “स्वतःच्या मुलीला अनुदान मिळत नाही. हा दाखला मी असाच दिला तर अनुदान थांबेल. नाहीतर शाळेतलं नाव बदलून धोंडिबा करून आणा. दहावीचा बोर्डाचा फॉर्म कधी आहे?”

“येत्या सोमवारपासनं धा दिसांनी हाय.”

“मग त्याच्या आत. एकदा बोर्डाच्या कागदावर नाव गेलं की जन्मभर तेच.”

पडद्यामागे रात्रपाळी करून झोपलेले वैजनाथ उठून बाहेर आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. “बदलतो बाई,” ते म्हणाले. “उद्याच जातो शाळंत. धोंडूचं नाव हाय ते, त्यालाच जाऊ द्या.”

मुक्ताबाई उठली. चुलीपाशी जाऊन उगाच भांडं उतरवून पुन्हा ठेवत राहिली. चैताली दाराशी उभी होती. साळवेबाईंनी तिच्याकडे बघायचं टाळलं आणि पाण्याचा अर्धा पेला खाली ठेवला.

त्या खडकीला घरी पोचल्या तेव्हा दिवेलागण झाली होती. घरात त्या आणि ऐंशीच्या घरातली आई, सुशीलाबाई, दोघीच. वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात होते, क्वार्टरमध्येच त्या वाढल्या. छप्पन साली धर्म बदलला, आणि पुढे मुलांना शाळेत घालायची वेळ आली तेव्हा दाखल्यावर ‘बौद्ध’ असंच लिहिलं पाहिजे म्हणून वडील हटून बसले होते. गुरुजी म्हणाले होते, “अहो, लिहिल्यानं काय होतंय? सवलत जाईल, बघा हं.” वडील म्हणाले होते, “जाऊ द्या. लिहा.” पुढे कित्येक वर्षं ती सवलत खरंच गेली होती, आणि आई त्या काळात दुसऱ्यांचे कपडे शिवत होती. आईला त्याबद्दल कधी बोलताना साळवेबाईंनी ऐकलं नव्हतं. पण रकान्यात काय लिहिलंय ते नीट वाचायची सवय त्यांना त्या घरातच लागली.

“आज चेहरा का असा?” आईनं विचारलं.

“एका मुलीचं मधलं नाव चुकलंय.”

“कुणी चुकवलं?”

“लाडानं चुकलंय,” साळवेबाई म्हणाल्या आणि पाय धुवायला गेल्या.

पाचव्या दिवशी गित्ते कुटुंब कार्यालयात आलं. वैजनाथ कामाच्या गणवेशात, चैताली शाळेच्या, आणि मुक्ताबाई मधे, दोघांना धरून आणल्यासारखी. नाव बदललं नव्हतं.

“शाळेत अर्ज दिलाय,” वैजनाथ म्हणाले. “पण ही सही करंना. हेडसर म्हणले, पोरगी मोठी हाय, तिचं ऐकून घ्या आधी.”

साळवेबाईंनी समोरच्या खुर्च्या दाखवल्या. शेजारच्या टेबलावर बाबुराव कीबोर्डवर बोटं ठेवून थांबले.

“चैताली, तुला काय म्हणायचंय?”

“बाई, पैसे थांबले तर अण्णांना मागचे परत द्यावे लागतील का?” तिनं वैजनाथांकडे बघत विचारलं.

“त्याचं मी बघते. पुढचे मात्र थांबतील. अजून तीन वर्षं मिळाले असते. अकरावीला, बारावीला उपयोगी पडले असते. ते तुला नीट समजतंय ना?”

“समजतंय. मग अपात्र लिहा.”

सत्तावीस वर्षांत हा शब्द साळवेबाईंपाशी कुणी मागितला नव्हता. लोक हात जोडत, रडत, कुणी शिव्या देत, पण ते सगळं दुसऱ्या शब्दासाठी.

“बघा कशी बोलती,” वैजनाथ म्हणाले. आवाज चढला नव्हता, दमला होता. “बाई, पैशाचं मला काय नाय. धोंडूनं मला पुण्याला आणलं. आठ महिने त्याच्या खोलीवर राहिलो, भाकरीचा पैसा घेतला नाय त्यानं. ही एकच लेक त्याची. जमीन नाय, घर नाय, मागं काय राहिलंय त्याचं? हिच्या नावातनं बी त्याला मीच काढू?”

मुक्ताबाईनं तोंडाला पदर लावला.

“अण्णा,” चैताली म्हणाली, “पालकसभेला तुम्ही ड्रेसवरच आलात. वर्गातल्या मुली म्हणाल्या, तुझे अण्णा पोलिसात आहेत का गं. मी म्हटलं, नाही, सिक्युरिटीला आहेत. ‘पोलिसात’ ते मी खोडून काढलं. ‘तुझे अण्णा’ नाही खोडलं. आता बोर्डात दुसरं नाव लागलं, तर काय सांगू? की आजवर मी थाप मारत होते?”

“अगं, पण त्याचं नाव—”

“बाबांचं नाव मला पाठ आहे. लिहिलं नाही म्हणून विसरायला ते काय कवितेतलं कडवं आहे? तुमचं मला रोज लागतं.”

वैजनाथांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तिच्यावरचा बिल्ला अंगठ्यानं पुसत बसले.

“दत्तकाचं काय?” बाबुरावांनी हळूच विचारलं. “कायद्यानंच करून टाका की.”

“पंधरा वर्षं झाली की घेता येत नाही,” साळवेबाई म्हणाल्या. “हिला पंधरा होऊन दोन महिने झाले.”

“वा,” बाबुराव म्हणाले. “दोन महिने आधी ही तपासणी आली असती तर जमलं असतं म्हणजे.”

“मी अजून एक काम धरते,” मुक्ताबाई पदर काढून म्हणाली. “त्या नव्या सोसायटीत बाया लागत्यात. ह्यास्नी सांगा बाई, नाव बदलायचा हट्ट सोडा म्हणावं.”

साळवेबाईंचं लक्ष तिच्या हातांकडे गेलं. साबणानं बोटांची पेरं पांढरी पडून चिरली होती. चार घरं झेपत नव्हती, पाचवं धरणार होती. हा हिशेब कुठल्याच रकान्यात बसत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांना एकदम फार थकवा आला, आत्ता डोकं टेबलावर टेकलं तर बरं होईल असा.

“वैजनाथराव,” त्या म्हणाल्या, “मी कुणाच्या बाजूनं बोलत नाही. पण सही तुम्हाला करायची आहे. शाळेतला अर्ज मागे घेताय की ठेवताय?”

वैजनाथांनी चैतालीकडे पाहिलं. ती त्यांच्याकडे बघत नव्हती. टेबलावरच्या फायलींकडे बघत होती.

“घेतो मागं,” ते म्हणाले.

साळवेबाईंनी बाबुरावांना ओळ उघडायला सांगितली. ‘अपात्र’ लिहिलं की संगणक कारण विचारत असे, आणि कारणं ठरलेली, चारच. बाबुरावांनी वाचून दाखवली. पालक हयात. उत्पन्न मर्यादेबाहेर. खोटी माहिती. मूल कुटुंबात परतले.

“खोटी माहिती टाकली तर तीन वर्षांची वसुली,” बाबुराव म्हणाले. “पालक हयात टाकलं तरी तेच, म्हणजे आधी फसवलं असं होतं. उत्पन्न तर...” त्यांनी मुक्ताबाईकडे पाहिलं आणि वाक्य सोडून दिलं.

“चौथं टाका.”

“परतली? कुठनं परतली हो? नऊ वर्षं त्याच खोलीत आहे ना ती?”

“चौथं टाका, बाबुराव.”

“मी टाकतो. माझं काय जातंय. पण खाली शेरा तुमच्या सहीनं जाणार.”

हे साळवेबाईंना माहीत होतं. आजवर न पाहिलेलं त्यांनी एक अक्षर लिहिलं नव्हतं. मूल घरात नसताना ‘आहे’ म्हणून लिहा, असं सांगणाऱ्या एका साहेबाशी त्या भांडल्या होत्या आणि त्यापायी दोन वर्षं आडगावी काढली होती. ‘मूल कुटुंबात परतले’ हे खरं की खोटं, ते मात्र त्यांना ठरवता येईना. त्यांनी पेन उचललं आणि फायलीतल्या कागदावर आपल्या गोल अक्षरात लिहिलं: ‘प्रत्यक्ष पाहणी केली. मुलीचे म्हणणे ऐकले. गित्ते कुटुंब हेच मुलीचे कुटुंब आहे. फसवणूक आढळली नाही. वसुलीची शिफारस नाही. अनुदान बंद करावे.’

“परतल्याची तारीख मागतंय,” बाबुराव म्हणाले.

साळवेबाई थांबल्या. “आजची घाला.”

कागदावर तिघांच्या सह्या झाल्या. मुक्ताबाईनं अंगठा उठवला आणि पदराच्या टोकाला पुसला. उठता उठता वैजनाथ खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले.

“बाई, त्या फायलीत धोंडूच्या मयताचा कागद हाय. ती बंद व्हणार म्हणता. तो परत मिळंल का?”

मूळ कागद परत द्यायला वेगळा अर्ज लागे, आणि अर्जावर साहेबांची सही. साहेब बैठकीला गेले होते. साळवेबाईंनी दोरीची गाठ सोडून मूळ कागद बाहेर काढला, त्याची झेरॉक्स काढून आणायला मुक्ताबाईला खाली पाठवलं, ती झेरॉक्स फायलीला लावली आणि मूळ कागदाची पोच घेतली. घड्यांवर कागद विरला होता.

वैजनाथ तो गणवेशाच्या खिशात घालणार, तोच चैतालीनं हात पुढे केला.

“द्या, मी ठेवते.”

त्यांनी दिला. तिनं तो वहीत सरळ ठेवला, घडी न घालता, आणि तिघं जिना उतरून गेली.

बाहेरच्या बाकावर एक म्हातारी दोन नातवंडांना घेऊन केव्हाची बसली होती. साळवेबाईंनी गुडघ्यावर हात दाबला आणि तिला आत बोलावलं.